परदेशातली मावशी आणि आजीबाई

आपल्या मंडळाची स्मरणिका काढावयाची ठरली तेव्हा पाककृती, विणकाम, मुलांची दुखणी हे विषय भराभर वाटले गेले. इतिहासावर कोण लिहिणार, असे विचारताच सगळ्यांच्या माना खाली गेल्या. अध्यक्षाबाई म्हणाल्या, "तुम्ही वाचनालयातून पुस्तके नेता, तुम्हीच लिहा." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. राजेरजवाड्यांच्या लढाया मला लिहिता येणार नाहीत. परंतु शिकण्यासाठी घर सोडून सातासमुद्रापलीकडे गेलेल्या आपल्या बायांविषयी मी पुष्कळ वाचले आहे, तेच चार शब्दांत सांगते. गोड मानून घ्यावे.

हाच विषय का, तेही सांगते. चैत्रातल्या हळदीकुंकवाला आपल्यात एक वाद झाला होता, तो भगिनींना आठवत असेल. आपल्या नांदेडची, आमच्याच भागातली एक मुलगी जर्मनीत शिकावयास गेली आहे. तिने आईला फोनवर सांगितले, की इथे रविवारी दुकाने बंद, रस्ते सुने, कोणी कोणाशी बोलत नाही. मग शेजारच्या एका बाईंनी तिला चर्चमध्ये नेले, तिथे तिला कॉफी मिळाली, केक मिळाला, आणि दोन म्हाताऱ्या बायांनी तिची भाषा सुधारून द्यायचे कबूल केले. हे ऐकून एकीचे म्हणणे पडले, की आता पोर बाटली म्हणून समजा. दुसरी म्हणाली, परमुलखात पोरीला कोणी घोटभर गरम दिले तर त्याचे पुण्यच मानावे. वाद तिथेच राहिला, कारण वाटली डाळ व पन्हे आले. परंतु माझ्या मनातून तो गेला नाही. हा प्रश्न काही आजचा नाही. १८८३ साली तो आपल्या तीन मराठी बायांपुढे उभा राहिला होता.

त्या साली नांदेडला आगगाडीसुद्धा आलेली नव्हती. आपला सगळा मुलूख निजामाच्या राज्यात. त्या काळी एप्रिल महिन्यात कलकत्त्याहून एक बोट अमेरिकेच्या वाटेला लागली, तिच्यात अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी होती. त्याच महिन्यात पंडिता रमाबाई विलायतेला निघाल्या. त्यांचे वय पंचविशीचे, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, आणि सोबतीला आनंदीबाई भगत नावाची एक तरुण बाई. जोशी आणि भगत, दोघींचे नाव एकच. पहिलीवर पुस्तके निघाली, नाटक झाले, सिनेमा झाला. दुसरीचे नाव सांगितले तर आपल्यातल्या किती जणी ओळखतील?

आनंदीबाई जोशींची हकीकत बहुतेकींना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी मूल झाले ते दहा दिवसांत गेले. बाईमाणसाला बाई डॉक्टर मिळत नाही हे दुःख तिने अंगावर सोसलेले. नवरा गोपाळराव टपाल खात्यात होते, विक्षिप्त, पण बायकोला शिकवायचेच या हट्टाचे. त्यांनी कोल्हापुराहून वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र घातले. वाइल्डरने उत्तरात ख्रिस्ती होण्याचा विषय काढला आणि ती पत्रे आपल्या मासिकात छापली. पुढे १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावची कार्पेंटर नावाची एक गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसली होती. तिथे पडलेले ते मासिक तिने चाळले. तिचा जीव कळवळला आणि तिने या अनोळखी मुलीला पत्र लिहिले. तीन वर्षे पत्रांमागून पत्रे गेली. आनंदीबाई तिला मावशी म्हणू लागली.

मावशी! एकमेकींचे तोंड पाहिलेले नाही, धर्म वेगळा, भाषा वेगळी. पण आपल्या मराठीत हा शब्द कोणालाही लावत नाहीत. माय मरो नि मावशी उरो, असे आपण म्हणतो.

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, श्रीरामपूरच्या कॉलेजात (हे बंगालमधले श्रीरामपूर, नगरचे नव्हे) या मुलीने सभेपुढे भाषण केले. मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असे तिने तिथे सांगितले. तिच्या चरित्रांत लिहिले आहे, की बोटीवर सोबतीला असलेल्या मिशनरी बाईंनी धर्माच्या गोष्टीवरून तिला फार जेरीस आणले. जूनमध्ये बोट न्यूयॉर्कला लागली तेव्हा मावशी धक्क्यावर उभी. उन्हाळाभर ती रोझेलच्या घरात राहिली. घर ख्रिस्ती, शेजार ख्रिस्ती, रविवारी सगळी मंडळी देवळात जाणार. ती आपली लुगडे नेसून, कुंकू लावून त्यांच्यात वावरली. आपल्याकडचा स्वयंपाक करून तिने पाहुण्यांना जेवू घातले. मावशीने तिच्या देवाविषयी कधी कुरकुर केली नाही. पुढे फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजात पोचवायला मावशीच गेली. तिथल्या मुख्याध्यापिका राचेल बॉडलेबाई, त्यांनीही तिला लेकीसारखे सांभाळले. थंडी मात्र कोणाला सांभाळता आली नाही. तिच्या खोलीतली शेगडी धूर करी. पेटवावी तर डोळे जात, न पेटवावी तर हाडे गोठत.

इथे मला थोडे माझे लिहावेसे वाटते. माझे माहेर लातूरकडचे, औसा तालुक्यातल्या एका खेड्यातले. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचे तर लातूरला राहावे लागणार. माझे दादा म्हणजे वडील, ते मुलीला शिकवायला नको म्हणणारे नव्हते. त्यांनी दोन-तीन दिवस लातूरला जाऊन चौकशी केली. पण पोरीला ठेवावी असे घर मिळाले नाही. ज्या एका नातेवाइकांकडे शब्द टाकला त्यांनी जागा नाही म्हणून सांगितले. झाले, पाटी-दप्तर माळ्यावर गेले. आज त्याच लातुरात बारावीच्या शिकवणीसाठी गावोगावच्या मुली येऊन राहतात, खोल्या आहेत, खानावळी आहेत, डबे आहेत. हे पाहून बरे वाटते. म्हणून आनंदीबाईची गोष्ट वाचताना लोक तिच्या धैर्याचे कौतुक करतात, ते करावेच, पण माझे लक्ष त्या रोझेलच्या घराकडे जाते. कॉलेज पुष्कळ असतील, राहायचे कुठे?

आता रमाबाई. त्यांची गोष्ट निराळी. त्यांना घर असे कधी नव्हतेच. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवले म्हणून लोकांची बोलणी खाल्ली, आणि सारे कुटुंब पुराण सांगत देशभर पायी हिंडले. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईबाप गेले. भाऊ श्रीनिवास व त्या चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न केले, तर दोन वर्षांच्या आत पटकीने तेही गेले. हातात मनोरमा राहिली. १८८२ साली त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. त्याच पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेचे भाडे उभे राहिले. कोणाच्या उपकाराने जावयाचे नाही, असा बाणा.

पुण्यात ज्या ख्रिस्ती संन्यासिनी होत्या त्यांचा मूळ मठ इंग्लंडात वाँटेज या गावी. तिथे रमाबाईंनी राहावे, हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवावी आणि बदल्यात इंग्रजी शिकून पुढे डॉक्टर व्हावे, असे ठरले. डॉक्टरीचा बेत पुढे मोडला, कारण त्यांना ऐकू कमी येई. धर्म बदलण्याचा आपला विचार नाही, असे त्या जाताना सांगून गेल्या होत्या.

मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे त्यांची जबाबदारी आली. रमाबाईंची जी पत्रे राहिली आहेत त्यांत त्या या बाईंना आजीबाई म्हणतात. मावशीसारखाच हाही आपल्या घरातला शब्द. ज्या बाईला माहेर नाही, सासर नाही, तिने एका गोऱ्या जोगिणीला आजी केले. त्या पत्रांचे इंग्रजी पुस्तक १९७७ साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने काढले. माझ्या मुलीने त्यातली काही मला वाचून अर्थ सांगितला. ती ऐकताना कधी हसू येते, कधी डोळ्यांत पाणी येते.

परंतु त्याआधी आनंदीबाई भगत हिचे सांगितले पाहिजे. वाँटेजला पोचल्यावर काही महिन्यांतच हिच्या मनाने घेतले, की आपल्याला इथे जुलमाने ख्रिस्ती करणार. रमाबाई पुढे ऑक्सफर्डला मॅक्स म्युल्लर या पंडितांना भेटल्या होत्या, त्यांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. त्या भीतीने भ्रमिष्ट होऊन तिने एका रात्री रमाबाईंचाच गळा दाबण्याचा यत्न केला. तो साधला नाही तेव्हा स्वतःचा जीव दिला. मठातल्या बायांनी तिच्यावर काही जबरदस्ती केल्याचे कोणी लिहिलेले नाही. चहा, जेवण, पांघरूण सगळे मिळत असेल. पण परक्या मुलखात, जिथे आपले बोलणे एका माणसाखेरीज कोणाला कळत नाही, तिथे भीतीला औषध काय करावे? त्या पहिल्या बाईने जर्मनीतल्या पोरीची काळजी केली ती अगदी वेडेपणाची होती, असे मला म्हणवत नाही. फक्त ती काळजी पोरीच्या कानावर कशी घालायची, याचा विचार हवा. भीती घालून पाठवलेली मुलगी तिथे एकटी पडते.

या धक्क्यानंतर थोड्याच दिवसांत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी व मनोरमेने बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात हाहाकार झाला. पुष्कळांनी म्हटले, पोटासाठी धर्म सोडला. पुढे १९०७ साली रमाबाईंनी आपली साक्ष लिहिली, तीत त्यांनी कारण दिले आहे. मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहम येथे नेले होते. वाट चुकलेल्या बायांना तिथे ठेवून घेत, त्यांची सेवा करीत. पतित बाईला कोणी पोटाशी धरावे, हे रमाबाईंनी जन्मात पाहिले नव्हते. हे का करता, असे त्यांनी विचारले, तेव्हा ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांची गोष्ट त्यांना वाचून दाखवण्यात आली. शिवाय नीलकंठशास्त्री गोरे, म्हणजे फादर गोरे, यांच्या लिखाणानेही त्यांचे मन वळले. आपण मानावे न मानावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. मला इतके कळते, की आपल्याकडच्या विधवेला आपण तेव्हा कसे वागवत होतो हे आठवले म्हणजे त्या बाईला नावे ठेवताना जीभ अडखळते.

आणि जिला लोक बाटली बाटली म्हणत होते, ती मठात काय करीत होती? भांडत होती! बाप्तिस्मा घेतला म्हणून मान तुकवली नाही. मांस-मासळी नाहीच, अंडेही चालायचे नाही. आजीबाईंना वाटे, हा जुन्या जातीचा ताठा आहे. रमाबाईंचे म्हणणे, खाण्यापिण्यात देव नाही, मग माझ्या ताटावरून वाद कशाला? गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरे होती, ती त्यांना नको होती. माझ्या देशाच्या बायांना लॅटिन काय कळणार, संस्कृतात का असू नयेत? आपली संस्कृत लॅटिनपेक्षा कमी पवित्र आहे काय? हा वाद वाचताना मला फार आनंद झाला. धर्माची जी तत्त्वे बुद्धीला पटत नाहीत ती केवळ वडीलधारे सांगतात म्हणून मी मानणार नाही, हे त्यांनी पत्रांतून पुनःपुन्हा कळवले. मनोरमा मठात आजीबाईंजवळ आणि आई शिकायला चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात, त्यामुळे पोरीला काय शिकवावे यावरूनही कुरबुर. मुलाची आई आणि मुलाला सांभाळणारी, यांचे कधी पूर्ण जुळले आहे का?

चेल्टनहॅमला डोरोथिया बीलबाई मुख्याध्यापिका. १८८४ ते १८८६ रमाबाई तिथे इंग्रजी, गणित, शास्त्र शिकल्या व संस्कृत शिकवीत. बीलबाईंनी त्यांच्याशी वाद घातला तो बरोबरीच्या नात्याने, म्हणून रमाबाईंना त्यांच्याजवळ मोकळे होता आले. हिंदुस्थानात नोकरीला जाणाऱ्या तरुणांना रमाबाईंनी आपल्या भाषा शिकवाव्यात असा विचार निघाला, तर बिशप लोकांनी हरकत घेतली. बाईने पुरुषांना शिकवणे शोभत नाही म्हणे. रमाबाईंनी लिहिले, की माझ्या बापाने वा नवऱ्याने बाईने तरुणांना शिकवण्याला कधी हरकत घेतली नाही आणि इंग्रज लोक घेतात याचे नवल वाटते. सुधारलेल्या मुलखाची गंमत पाहा!

म्हणजे घर मिळाले, माया मिळाली, पण त्या मायेने एक किंमत सांगितली. रमाबाईंनी ती थोडी दिली, बाकीची नाही म्हणाल्या. आणि तरीही आजीबाईंना आजीबाई म्हणणे सोडले नाही. भांडण करूनही नाते ठेवता येते हे आपल्या एकत्र कुटुंबातल्या बायांना सांगायला नको.

११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियात आनंदीबाई जोशी डॉक्टर झाली. बॉडलेबाईंच्या बोलावण्यावरून रमाबाई मनोरमेला घेऊन त्या समारंभास आल्या होत्या. दोघी दूरच्या नात्यातल्या. एक हिंदू राहिलेली, एक ख्रिस्ती झालेली. गोपाळरावही आले होते. भोवती सगळी अमेरिकन मंडळी, टाळ्यांचा कडकडाट, आणि त्यात या दोघी मराठी बाया लुगड्यात. त्या दिवशी धर्मावरून त्यांच्यात काही आडवे आल्याचे माझ्या वाचनात नाही.

रमाबाई अमेरिकेतच राहिल्या. १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रीविषयी त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले, त्याला बॉडलेबाईंनी प्रस्तावना दिली. बोस्टनला त्यांच्या मदतीसाठी मंडळ निघाले. १८८९ साली परत येऊन, बरोबर ११ मार्चलाच, त्यांनी मुंबईस शारदासदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. पहिल्या मुलींत गोदूबाई होत्या, ज्या नंतर धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या. कर्व्यांनी हिंगण्याला विधवांसाठी आश्रम काढला तो त्यानंतरचा.

शारदासदनात विधवांनी आपापला धर्म पाळावा, असा नियम होता. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, मुली येऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ साली पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. रानडे, भांडारकर यांच्यासारखी थोर माणसेही सल्लागार मंडळातून बाहेर पडली. आता रमाबाई स्वतःच आजीबाईंच्या जागी होत्या. दार उघडे ठेवणे म्हणजे बोलावणे होते काय? माझे मत विचाराल तर, लहान मुलींच्या बाबतीत त्यांनी दार लोटून घ्यावयास हवे होते. ज्या बाईने क्रूसावरच्या अक्षरांसाठी मठाशी भांडण केले तिला आश्रित मुलीचे मन किती लवकर वाकते हे ठाऊक असणार. पण ज्या पालकांनी मुली नेल्या, त्यांतल्या कितींनी त्यांना पुढे शिकवले, हेही विचारावे. काढून नेणे सोपे असते. पुढे केडगावला मुक्तिसदन झाले आणि दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळी तिथे जगल्या. लातूरहून पुण्याला आगगाडीने जाताना दौंड सोडल्यावर केडगाव लागते. बहुतेक वेळा आपण तेव्हा झोपेत असतो. मनोरमा १९२१ मध्ये गेली, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी.

मराठवाड्यातल्या आपण बायांनी एक पाहावे. आपल्या नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात पंजाबातून येणाऱ्या माणसाला कोणी जात-धर्म विचारीत नाही, लंगरमध्ये जो बसेल त्याच्या हातावर पोळी पडते. परदेशातल्या गुरुद्वाऱ्यांतही आपली हिंदू, मुसलमान मुले जेवून येतात आणि आईबापांना त्याची भीती वाटत नाही. चर्चच्या कॉफीची वाटते. जुन्या राज्यकर्त्यांचा धर्म म्हणून वाटत असेल. रमाबाईंच्या वेळेस तर इंग्रजांचेच राज्य होते, त्यामुळे तेव्हाचा संशय अगदी निराधार नव्हता. मी त्या मुलीच्या आईला एवढेच सांगितले, की पोरीला सारखे "जाऊ नको" म्हणू नका, तिथे काय झाले ते दर रविवारी तिच्याकडून ऐकून घ्या. तिला सांगायला आपले माणूस राहिले पाहिजे. भगत बाईला तेच नव्हते.

राहिली आनंदीबाई जोशी. कोल्हापूरच्या दवाखान्यात तिला जागा मिळाली होती, पण क्षयाने पोखरलेले शरीर घेऊनच ती १८८६ च्या अखेरीस परत आली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात तिचे देहावसान झाले. बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. तिने आपला शब्द पाळला, हिंदू गेली, हिंदू आली, अग्नीही आपल्या रीतीने मिळाला. गोपाळरावांनी तिची रक्षा अमेरिकेस मावशीकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी म्हणून गाव आहे, तिथल्या दफनभूमीत कार्पेंटर घराण्याची जागा आहे. मावशीने ती रक्षा तिथे, आपल्या घरच्या माणसांत ठेवली आणि वर तिच्या नावाचा दगड बसवला.